मुलाचं वाचन आधी ऐका

पहिली-दुसरीतल्या मुलांच्या प्रकटवाचनाला रुब्रिक लावलं की मूल्यमापन निःपक्षपाती होतं, असं आता शिक्षकांच्या प्रशिक्षणात, सीआरपींच्या (समूह साधन व्यक्तींच्या) बैठकीत आणि पालकसभेतही ठासून सांगितलं जातं. रुब्रिक म्हणजे निकषांचा तक्ता. डाव्या बाजूला उच्चार, ओघ, गती, आवाजातला चढउतार असे निकष, वरच्या ओळीत एक ते चार पायऱ्या आणि प्रत्येक चौकोनात एकेक वर्णन. मुलानं उतारा वाचायचा, शिक्षकानं चार ठिकाणी खुणा करायच्या, बेरीज करायची आणि श्रेणी लिहून मोकळं व्हायचं. या पद्धतीला माझा स्पष्ट विरोध आहे. कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात कमलनगर, औराद, भालकी, बसवकल्याण या पट्ट्यातल्या मराठी शाळांत या तक्त्यावर मुलाचं वाचन फारच थोडं उमटतं. उमटते ती त्याच्या घरची बोली, त्याचा बुजरेपणा आणि एकाच वेळी दोन-तीन लिप्या शिकताना होणारी त्याची ओढाताण. यांपैकी कशालाही कमी गुण देण्याचा अधिकार शाळेला नाही.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडलं पाहिजे, कारण ते पोकळ नाही. त्यांचा पहिला मुद्दा न्यायाचा आहे. तक्ता नसेल तर गुण गुरुजींच्या मर्जीवर ठरतात. गावातल्या वजनदार घरच्या पोराला शाबासकी आणि तांड्यावरून आलेल्या पोराला ‘बस खाली’, हे आपल्या शाळांनी पाहिलेलं आहे. दुसरा मुद्दा शास्त्राचा. १९७४ साली लाबर्ज आणि सॅम्युएल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की अक्षरं आणि शब्द ओळखण्यातच सगळं लक्ष खर्ची पडलं तर अर्थ लावायला लक्ष उरत नाही. म्हणून शब्दओळख सहज आणि वेगानं व्हायला हवी. त्याच वाटेवर १९९१ साली झुटेल आणि रासिन्स्की यांनी ओघवत्या वाचनाची एक पट्टी तयार केली. शब्दगट पाडून वाचणं, सफाई आणि गती ही तिची अंगं होती. पुढे रासिन्स्की यांनी भाव आणि आवाज यांची जोड दिली. आज आपल्याकडे फिरणारे बहुतेक तक्ते या पट्टीचे नातलग आहेत. तिसरा मुद्दा तातडीचा. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या १०० मुलांपैकी फक्त २३-२४ मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात. २०२२ साली हा आकडा १६ च्या आसपास होता. अशी स्थिती असताना मोजायचंच नाही म्हणणं म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडणं, असं ते म्हणतात.

तिन्ही मुद्द्यांमागची कळकळ मला मान्य आहे. वाचन न येता मूल चौथीत ढकललं जाणं हा अन्याय आहे आणि तो लपवता कामा नये. माझा प्रश्न एवढाच आहे की हा अन्याय तक्ता दूर करतो का? त्यासाठी तक्त्यातले खाने एकेक करून उघडून पाहू.

पहिला खाना उच्चाराचा. ‘स्पष्ट व शुद्ध उच्चार’ अशी त्याची नेहमीची भाषा. आता कमलनगरच्या मुलाचं बोलणं आठवा. उदगीर इथून जवळ, बीदरही जवळ. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात कन्नड, तांड्यावर लंबाणी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. पण बोलीची सरहद्द त्या रेषेवर थांबली नाही. लातूर-उदगीरकडचं ‘काय करायलास?’, ‘कुठं जायलास?’ इथंही तसंच बोललं जातं. कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्थेच्या मराठी पुस्तकात मात्र ‘जात आहे’, ‘करत आहेत’ असं छापलेलं असतं. छापील ‘आई बाजाराला जात आहे’ हे वाक्य इथल्या दुसरीतल्या मुलीनं ‘आई बाजाराला जायलीय’ असं वाचलं, तर तक्ता म्हणतो: दोन शब्द चुकले.

हे चुकणं नाही. त्या मुलीनं डोळ्यांनी छापील वाक्य घेतलं, त्याचा अर्थ लावला आणि तो स्वतःच्या भाषेत तोंडावाटे बाहेर काढला. वाचनाचं जे सर्वांत अवघड काम, ते तिनं केलेलं आहे. १९६० च्या दशकात केनेथ गुडमन यांनी मुलांचं प्रकटवाचन तपासताना हाच फरक दाखवून दिला. छापलेल्यापेक्षा वेगळं वाचलं म्हणून लगेच चूक धरू नका, ते वेगळेपण अर्थ सांभाळतं की मोडतं ते बघा, असं त्यांचं सांगणं होतं. आपल्या मराठीत याची जाण असलेलं मोठं नाव म्हणजे मॅक्सीन बर्नसन. अमेरिकेतून येऊन त्या फलटणला राहिल्या, फलटणच्या बोलण्यातल्या विविधतेवर त्यांनी पीएचडी केली, पुढे प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि मराठी वाचायला शिकवण्याची पद्धत घडवली. मुलाच्या बोलीला शाळेच्या दारात अडवून वाचन शिकवता येत नाही, हे ज्यांनी काम करून दाखवलं त्यांत त्या अग्रभागी आहेत. उच्चाराचा खाना नेमकं हेच अडवण्याचं काम करतो. प्रमाण मराठी ज्या घरात बोलली जाते त्या घरच्या मुलाला तो पुस्तक उघडण्याआधीच चारापैकी चार देऊन टाकतो.

शिवाय मराठीत अचूक उच्चार करायलाही आधी अर्थ कळावा लागतो. ‘जग’ हा शब्द घ्या. ‘जग मोठं आहे’ मधला ज वेगळा आणि ‘तू सुखानं जग’ मधला वेगळा. लिपीत काही फरक नाही. वाक्य कळलं तरच जीभ बरोबर जागी लागते. म्हणजे उच्चार तपासतानाही शेवटी तपासायचा तो अर्थच. अर्थाचा खाना मात्र अशा बहुतेक तक्त्यांत एकतर नसतो किंवा सर्वांत खाली, घाईत भरायचा असतो.

दुसरा खाना ओघाचा: ‘न अडखळता वाचतो’. इथं आपल्या गावाच्या नावाकडेच बघावं लागतं. कमलनगर. सहा अक्षरं, एकही काना-मात्रा नाही; पहिलीतल्या मुलाला वाचायला याहून सोपं नाव नाही असं वाटेल. मराठी वाचणारा त्यातला ल आणि र तोडून उच्चारतो, ‘कमल्‌नगर्‌’. स्टेशनच्या पाटीवर तीच सहा अक्षरं कन्नड लिपीत असतात आणि कन्नड वाचणारा प्रत्येक अक्षरातला अ पूर्ण म्हणतो. कुठला अ गिळायचा आणि कुठला म्हणायचा, हे मराठी लिपी सांगत नाही. ते मूल भाषेच्या सवयीनं शिकतं. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या सर्व शाळांत कन्नड शिकवणं सक्तीचं झालं आणि ती भाषा यावीच, याबद्दल माझं दुमत नाही. या राज्यात जगायचं तर ती हवी. पण मग आपलं मूल सकाळच्या तासाला एका लिपीत अ गिळतं, दुपारच्या तासाला दुसऱ्या लिपीत अ म्हणतं आणि त्यातच इंग्रजीची तिसरी लिपी हाताळतं, हे मोजणाऱ्यानं लक्षात घ्यायला नको का? असं मूल मराठी शब्दावर क्षणभर थांबतं आणि विचार करून पुढे जातं. तक्ता त्या थांबण्याला अडखळणं म्हणतो. ऐकणाऱ्या शिक्षकाला कळतं की ते दोन लिप्यांचे नियम वेगळे काढतंय.

जोडाक्षरांचंही तसंच. बेंगळुरूच्या सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर काम करून दाखवलं की अक्षरओळखीचं काम पहिली-दुसरीत संपत नाही, चौथीपर्यंत आणि त्यापुढेही चालू राहतं. इंग्रजीची सव्वीस अक्षरं वर्षभरात उरकतात. आपल्या लिप्यांत मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं असा शेकडो चिन्हांचा संसार असतो. देवनागरीलाही हे तंतोतंत लागू आहे. दुसरीतलं मूल ‘ज्वारी’पाशी थबकलं तर ते त्याच्या वयाला साजेसंच आहे. इंग्रजीच्या वेळापत्रकावरून बेतलेला तक्ता त्याला मागासलेलं ठरवतो.

तिसरा खाना गतीचा, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप इथंच आहे. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानं दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द असं उद्दिष्ट ठेवलं. तिसरीच्या उद्दिष्टात ‘अर्थासह’ ही अट आहे. पण दिल्लीतून निघालेलं उद्दिष्ट खेड्यातल्या वर्गापर्यंत येता येता ती अट गळते आणि मोबाइलमधलं घड्याळ तेवढं उरतं. त्यातही शब्द नावाचं माप सगळ्या भाषांत सारखं नाही. एकच साधं वाक्य तीन भाषांत लिहून पाहा. हिंदीत: ‘राम के खेत में आम का पेड़ है’. आठ शब्द. मराठीत: ‘रामच्या शेतात आंब्याचं झाड आहे’. पाच शब्द. कन्नडमध्ये: ‘रामन होलदल्ली माविन मरविदे’. चार शब्द. अर्थ तोच, झाड तेच, शेत तेच. मिनिटाला ६० शब्द म्हणजे हिंदी मुलानं अशी साडेसात वाक्यं वाचायची, मराठी मुलानं बारा आणि कन्नड मुलानं पंधरा. हिंदीत ‘में’, ‘का’, ‘के’ सुटे लिहिले जातात. मराठी आणि कन्नडमध्ये प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांबतो आणि शब्दसंख्या घटते. ‘शाळेतल्यांनासुद्धा’ हा आपला एकच शब्द दुसरीतल्या मुलाचा किती दम काढतो, ते वर्गात उभं राहून ऐकावं.

ही केवळ माझी तक्रार नाही. केंद्र सरकार आणि एनसीईआरटी यांनी मार्च २०२२ मध्ये तिसरीतल्या सुमारे ८६ हजार मुलांची एकेकट्यानं तोंडी पाहणी केली, तेव्हा वीस भाषांसाठी वाचनगतीचे टप्पे वेगवेगळे ठरवावे लागले. भाषा बदलली की माप बदलतं, हे खुद्द सरकारनं मान्य केलेलं आहे. मग वर्गात फिरणाऱ्या तक्त्यावर एकच आकडा का? आणि तीन भाषांच्या तिठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला तो का लावायचा?

चौथा खाना आवाज आणि हावभावांचा. ‘योग्य आरोह-अवरोहासह, मोठ्या आवाजात वाचतो.’ साहेब समोर खुर्चीवर बसलेले, मागे अख्खा वर्ग, हातात घाम आलेलं पुस्तक. अशा वेळी ज्या मुलीला घरी पाहुण्यांसमोर गप्प बसायला शिकवलंय, तिचा आवाज कसा निघणार? शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात मुलाला भीती, धसका आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याचं बंधन आहे. वाचनात भाव यावा हे खरं. पण तो गोष्ट आवडल्यावर, ती सतरांदा वाचल्यावर, मैत्रिणीला वाचून दाखवताना आपोआप येतो. गुण मिळवण्यासाठी आणलेला चढउतार हा पाठ केलेला चढउतार असतो, आणि वाचनस्पर्धांत तो आपण पुष्कळ ऐकला आहे.

आता हे चार खाने बाजूला ठेवून एक वाचन जवळून ऐकू. मी एका कागदावर हातानं चार ओळी लिहिल्या होत्या: ‘रविवारी आई आणि मी बाजाराला जात आहोत. आईने दोन किलो ज्वारी घेतली. मला चिंचेच्या गोळ्या हव्या होत्या. आई म्हणाली, पैसे संपले.’ दुसरीतल्या एका मुलीनं ते असं वाचलं: ‘ऐतवारी आई आनी मी बाजाराला जायलाव. आईनं दोन किलो जवा…’ इथं ती थांबली, बोट मागे नेलं, ओठ हलवले आणि ‘ज्वारी घेतली’ असं म्हणून पुढे गेली. ‘मला चिंचेच्या गोळ्या पायजे होत्या. आई म्हन्ली, पैसे सपले.’ तक्त्यावर हिची धूळधाण उडते. उच्चारात सहा-सात चुका, ओघात खंड, गती कमी, आवाज पुटपुटल्यासारखा. आणि कानांना काय ऐकू आलं? रविवार म्हणजे आपला ऐतवार, हे तिनं वाचता वाचता जुळवलं. ‘हव्या’च्या जागी ‘पायजे’ घातलं, म्हणजे वाक्य तिच्या डोक्यात पूर्ण उमटलं होतं. ‘जवा’ म्हटल्यावर काहीतरी बिनसलंय हे तिचं तिलाच जाणवलं, तिनं मागे जाऊन जोडाक्षर पुन्हा पाहिलं आणि कुणी न सांगता दुरुस्त केलं. गोळ्या का मिळाल्या नाहीत, असं विचारल्यावर ती लगेच म्हणाली, ‘पैसेच नव्हते ना.’

तिच्यानंतर एका मुलानं तोच कागद घडाघडा वाचला. एकही शब्द चुकला नाही, कुठं थांबला नाही. आईनं बाजारातून काय आणलं, असं विचारलं तेव्हा तो कागदाकडे बघत राहिला. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा पहिली ओळ पुन्हा वाचू लागला. तक्ता या मुलाला सोळापैकी पंधरा देईल, त्या मुलीला सहा. दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे खुणा केल्या तरी आकडे हेच येतील. न्यायाचा मुद्दा इथं कोसळतो. दोन्ही शिक्षकांनी दिलेल्या गुणांत फरक पडला नाही याचा अर्थ एवढाच की दोघांनी एकच चुकीची गोष्ट सारख्याच काळजीनं मोजली. वर त्या मुलाच्या डोक्यावर ‘उत्तम वाचक’ असा शिक्का बसला की त्याच्या अर्थाकडे वर्षभर कुणी बघत नाही. मदतीची जास्त गरज त्याला आहे, आणि तक्ता ती झाकून टाकतो.

मर्जीचं राज्य थांबवायला तक्ता हवा, या म्हणण्यालाही उत्तर इथंच आहे. मर्जी खान्यांतूनही चालते. ‘समाधानकारक’ आणि ‘चांगला’ यांमधली रेघ शिक्षकाचा हातच ओढतो. मर्जीला आळा बसतो तो मुलानं प्रत्यक्ष काय वाचलं याची शब्दशः नोंद समोर असते तेव्हा. ‘हव्या – पायजे’, ‘जवा – ज्वारी, स्वतः दुरुस्त’ अशी नोंद कुणीही पडताळून पाहू शकतो. ‘ओघ: २’ हा आकडा पडताळता येत नाही.

तातडीच्या मुद्द्याकडे येऊ. मुलं वाचू शकत नाहीत हे खरं. पण ती मोजली गेली नाहीत म्हणून वाचू शकत नाहीत, हे खरं नाही. आपल्याच कर्नाटकातल्या यादगीरमध्ये आणि पालघरच्या वाडा भागात शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षं त्याच त्या मुलांचा पाठपुरावा केला. एकीकडे कन्नड, दुसरीकडे मराठी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात जे दिसतं ते आपल्या शाळांचंच चित्र आहे. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं गिरवण्यात आणि घोकण्यात जातो. गोष्टीवर बोलणं, अर्थावर चर्चा, मुलानं स्वतःच्या मनातलं लिहिणं याला फारच थोडी जागा. आणि तिसरीपर्यंत येऊनही पुष्कळ मुलं मजकूर समजून वाचण्यापर्यंत पोचलेली नसतात. दुखणं शिकवण्यात आहे. मोजण्याचा तक्ता त्या दुखण्यावर औषध नाही. उलट, शब्द झटपट म्हणायला लावणारा तक्ता शिकवणं आणखी अक्षरांकडे आणि आणखी अर्थापासून दूर ढकलतो.

अमेरिकेनं हा प्रयोग मोठ्या पैशांवर करून पाहिला आहे. २००२ पासून ‘रीडिंग फर्स्ट’ योजनेत गरीब वस्त्यांतल्या शाळांना दरवर्षी सुमारे अब्ज डॉलर मिळाले. अनेक ठिकाणी मुलं घड्याळासमोर शब्द, निरर्थक शब्दसुद्धा, वाचून दाखवत होती. २००८ च्या अंतिम सरकारी मूल्यमापनात दिसलं की वाचन शिकवण्यावरचा वेळ वाढला, पहिलीत शब्द उलगडण्यातही काही सुधारणा दिसली. पण पहिली ते तिसरीच्या मुलांच्या आकलनात दखल घेण्याजोगी वाढ झाली नाही. गती हे आकलनाचं लक्षण असू शकतं. लक्षणालाच ध्येय केलं की लक्षण तेवढं वाढतं. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच बजावलं होतं की एखाद्या मापावर जितके निर्णय टांगाल, तितकं ते माप आणि ज्याचं ते माप आहे ते काम, दोन्ही बिघडतील.

‘असर’चं उदाहरण माझ्याविरुद्ध दिलं जातं म्हणून सांगतो: ‘असर’ ही पाहणी आहे. ती जिल्ह्याचं, राज्याचं चित्र दाखवते. मुलाच्या प्रगतिपत्रकावर काही लिहीत नाही. त्यातही उतारा वाचणाऱ्या मुलाला सावकाश वाचण्याची आणि दोन-तीन चुकांची मुभा असते. शब्दांची माळ ओढण्याऐवजी वाक्य म्हणून वाचतोय का, हे बघायचं असतं. त्याच साधनानं मुलांचे तात्पुरते गट पाडून महिनाभर त्या पातळीवर शिकवणं, हेही मला मान्य आहे, कारण तिथं मोजल्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या शिकवण्यात उतरतो आणि मूल पुढे गेलं की गट बदलतो. माझा विरोध आहे तो श्रेणी होऊन मुलाच्या नावाला चिकटणाऱ्या, वर पाठवायच्या रकान्यात जाऊन पडणाऱ्या आणि शिकवण्यापर्यंत कधीच न पोचणाऱ्या तक्त्याला.

मग करायचं काय? न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी काही दशकांपूर्वी शिक्षकांना एक साधी रीत दिली. ती आपल्या दोन शिक्षकी शाळेतही चालते. मुलानं न वाचलेला, पण त्याच्या आवाक्यातला छोटा उतारा घ्या. मूल शेजारी बसवा, समोर उभं करू नका. आपल्याकडच्या प्रतीवर पेन्सिलीनं नोंद करा. बरोबर वाचलेल्या शब्दावर छोटी खूण, वेगळं वाचलं तर वर तोच शब्द जसाच्या तसा, स्वतः सुधारलं तर त्याची खूण, थांबलं तर रेघ. घड्याळ नाही. वाचून झालं की दोन प्रश्न, मुलाच्या घरच्या बोलीत. तांड्यावरच्या मुलाला प्रश्न मराठीत कळत नसेल तर त्याच्याच तांड्यावरच्या मोठ्या मुलीला लंबाणीत विचारायला सांगा. उत्तर कुठल्या भाषेत आलं यावर काही ठरत नाही. शेवटी एकच ओळ लिहा: हे मूल शब्दाशी अडलं तर काय करतं, आणि उद्या याला मी काय देणार.

‘तीस मुलं, दोन शिक्षक, चार इयत्ता, एकेकाला कधी ऐकायचं?’ हा प्रश्न शिक्षक विचारतात तेव्हा तो खरा असतो. दिवसाला दोन मुलं, प्रत्येकी पाच-सहा मिनिटं. पंधरा शाळेच्या दिवसांत वर्ग पुरा होतो. पहिली ते तिसरीत नलीकली या कृतिआधारित पद्धतीच्या गटांत मुलं आपापलं काम करत असतात, तेव्हा शिक्षक एका मुलाजवळ बसू शकतो. आज तक्ते भरण्यात, एफए-एसए चाचण्यांचे गुण चढवण्यात आणि तीच माहिती पुन्हा मोबाइलवर टाकण्यात जाणारा वेळ यासाठी मोकळा केला, तर वेळ कमी पडणार नाही. वेळ नाही ही अडचण वरून आलेली आहे आणि ती वरूनच दूर व्हायला हवी.

पालकांना आकडा हवा असतो, असंही म्हणतात. मला तसा अनुभव नाही. शाळेत आलेली आई विचारते, ‘आमचं पोरगं वाचायलंय का सर?’ तिला दोनापैकी दीड सांगून काय उपयोग? ‘वाचतंय, ताई. अर्थ कळतोय. जोडाक्षराला थांबतंय, पण मागे जाऊन स्वतःच सुधारतंय. रात्री झोपताना त्याच्याकडून एक गोष्ट ऐका’, असं सांगितलं तर ती घरी जाऊन ऐकते. शाळा न शिकलेल्या आईलाही मुलाचं वाचन ऐकता येतं, गोष्ट कळली का हे विचारता येतं. रुब्रिक तिला या कामातून बाहेर काढतं, कारण त्यातल्या खान्यांची भाषा तिची नाही.

रुब्रिक सरसकट जाळून टाका, असं मी म्हणत नाही. नव्या शिक्षकाला काय काय ऐकायचं याची आठवण करून देणारा एक कागद म्हणून ते भिंतीवर राहू दे. पण त्यात पहिली ओळ अर्थाची हवी, दुसरी स्वतः सुधारण्याची; घरच्या बोलीतलं वाचन चूक धरू नये, हे त्यात ठळक लिहिलेलं हवं. आणि त्या कागदावरून मुलाला श्रेणी देता कामा नये. केंद्राचाच पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, ऑक्टोबर २०२२ चा, या वयाला परीक्षा योग्य नाहीत असं सांगतो. मग परीक्षाच चार चौकोनांत बसवून मागच्या दारानं आत का आणायची?

या भागातल्या मराठी शाळांसाठी माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली ते तिसरीत मुलाच्या प्रकटवाचनाला गुण किंवा श्रेणी देणं बंद करावं. गतीचं घड्याळ वर्गातून काढावं. लावायचंच असेल तर ते पाहणीपुरतं, मराठीसाठी स्वतंत्र ठरवलेल्या टप्प्यावर आणि मुलाचं नाव न लिहिता. प्रत्येक मुलाच्या वाचनाची शब्दशः नोंद वर्षातून चार वेळा ठेवावी आणि साहेब शाळेत आले की त्यांनी बेरजा न पाहता त्या नोंदी वाचाव्यात, एखाद्या मुलाशेजारी बसून स्वतः ऐकावं. डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) प्रशिक्षणात इथल्या बोलीचा आणि दोन लिप्यांच्या वाचनाचा एक तरी दिवस असावा. आणि तक्ते छापण्यावर होणारा खर्च वर्गात गोष्टींची पुस्तकं आणण्यावर व्हावा, कारण वाचून वाचूनच मूल वाचायला शिकतं.

सरहद्दीवरच्या मराठी माणसाला दुसऱ्याच्या मापानं मोजलं जाण्याचा अनुभव जुना आहे. तो आपण आपल्याच सात वर्षांच्या मुलांना द्यायचा का, याचा निर्णय आपल्या हातात आहे. मराठी शाळेनं हा तक्ता निमूटपणे भरला, तर आपली बोली चूक आहे, हे मुलाला इतर कुणाच्याही आधी मराठी शाळाच शिकवेल. ज्या शाळेत मराठी टिकावी म्हणून आपण झगडतो, त्या शाळेनं हे काम करता कामा नये.